तिन्ही कोटेशनं

खांडबाऱ्याजवळच्या शाळेला बारा कम्प्युटर घ्यायचे होते. नियमाला तीन कोटेशनं लागतात, म्हणून धीरजने तिन्ही स्वतःच आणली. एक आपल्या दुकानाचं, बाकी दोन बनावट नावांची, भाव चढवून. धंद्यात सगळेच आणतात, त्यात कसली लाज!

मुख्याध्यापिका प्रिस्किलाबाईंनी मात्र ओळ न्‌ ओळ वाचली होती.

"धीरजभाऊ, तुमचं स्वस्त आहे, पण नेटवर्कच्या केबलचे पैसे वेगळे. या दुसऱ्यांच्या कम्प्युटरमध्ये वायफाय आतच आहे. तुमच्यासमोरच विचारते, म्हणजे मागून बोलल्यासारखं नको," म्हणत त्यांनी त्या दुसऱ्या कोटेशनवरचा नंबर लावला.

धीरजच्या खिशातला दुसरा फोन वाजू लागला. त्याची मान खाली गेली ती वर येईना.

"घ्या ना तुमचा फोन," बाई साधेपणाने म्हणाल्या. "इकडे नुसती रिंग जातेय."