मी कानेलाला ओळख दाखवली नाही

मित्रांनो, मी पोर्तो रिकोजवळच्या एका छोट्या बेटावरची म्हातारी माकडीण आहे. माझं नाव माल्ता. ते इराइदाने ठेवलं. ती रोज होडीने येते आणि आमच्यात कोण कुणाजवळ बसलं, कुणी कुणावर दात विचकले, ते वहीत टिपते.

"काका, यांच्या मेंदूत चेहऱ्यांसाठी खास जागा असते," ती एकदा होडीवाल्या डॉन एफ्राइनना म्हणाली. (तिकडे वडीलधाऱ्यांना आदराने 'डॉन' म्हणतात.) "एका नजरेत कळतं, कोण कुणाचं, कुणाच्या बाजूचं."

"त्यात काय मोठं! माझ्या सासूबाईंना लग्नघरात दारातूनच कळतं, कोण कुणाशी बोलत नाही ते."

मला या देणगीचा फार गर्व होता.

आमच्या कळपातल्या कानेलाला आई नव्हती, बहीण नव्हती. मी मोठ्या घराण्यातली, तरी ती भीत भीत जवळ आली आणि माझ्या उवा काढू लागली. मी तापाने पडले, तेव्हा माझी सख्खी माणसं लांब बसली. ही मात्र पाच दिवस हलली नाही.

मग ते चक्रीवादळ आलं. झाडं मोडली. सावली उरली ती पाण्याच्या टाकीच्या भिंतीलगत, हातभर. भर दुपारी कानेला तिथे मला चिकटून बसली होती. तेवढ्यात माझी मावशी आली, आमच्या घराण्यातली सर्वांत वडील. तिने कानेलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तू कुणाची, एवढंच त्या नजरेत होतं.

कानेलानेही माझ्याकडेच पाहिलं. तिच्या डोळ्यांतलंही मला कळलं.

मी तिचा कान चावला.

ती सावली सोडून तापलेल्या खडकांवर जाऊन बसली.

"अगं माल्ता! ती तुझीच ना गं?" इराइदा कळवळली.

डॉन एफ्राइन हळूच म्हणाले, "नको लिहूस ते, पोरी."

"लिहावं लागतं, काका." आणि तिने लिहिलं.

ऊन उतरल्यावर मी कानेलाजवळ गेले, तिच्या पाठीला हात लावला. ती उठली आणि चार पावलं दूर जाऊन बसली. पुन्हा गेले, पुन्हा तेच. त्यानंतर दोन वर्षं ती जगली, पण माझ्याजवळ बसली नाही. आजही तिची आठवण आली की माझी मान आपोआप खाली जाते.

मित्रांनो, तुम्हालाही चेहरे वाचता येतात. वर्गात एकटं कोण पडलंय, हे तुम्हाला न सांगता कळतं. सगळे बघत असले, तरी त्याच्याशेजारून उठू नका. मी कानेलाला ओळखत होते. ओळख दाखवायच्या वेळी मात्र मी मावशीकडे पाहिलं.