कपाटाच्या काचेतला दिवा

कोळशावरचं ते म्हातारं वीजकेंद्र बंद झालं आणि साडेतीनशे माणसांतून एकालाच ठेवायचं ठरलं. पाडकामवाल्यांना कुठला पाइप कुठे जातो हे दाखवणारा कुणीतरी हवा होता. जो राहील त्याची कॉलनीतली खोलीही राहील. बाकीच्यांनी महिनाअखेर चंबूगबाळं आवरायचं.

बॉयलरवाल्या दादाला ती जागा हवीच होती. नाहीतर मुलाकडे जायचं, आणि तिथे सुनेने त्याची खाट गॅलरीत टाकून ठेवली होती, वाळत घातलेल्या कपड्यांखाली. तिने फोटोही पाठवला होता, अगदी कौतुकाने.

अट एकच, कान शाबूत हवेत. वरून लोखंड टाकण्याआधी भोंगा वाजणार, तो ऐकून खालच्याने बाजूला व्हायचं. घोडं अडत होतं ते इथेच. बत्तीस वर्षं त्या गडगडाटात काढलेल्या माणसाला कान कुठले उरणार? दादाला जेमतेम ऐकू यायचं. त्याचा मेहुणा, धाकट्या बहिणीचा नवरा, टर्बाइनवर होता. तो तर ठार बहिरा. दोघंही ओठ वाचत, आणि लोकांना वाटे, काय मन लावून ऐकतात!

दरवर्षीच्या तपासणीतून मात्र दोघं सहीसलामत सुटत. कानात आवाज सोडायला कंपाउंडरने बटण दाबलं की यंत्रावर लाल दिवा लागायचा आणि तो समोरच्या औषधांच्या कपाटाच्या काचेत दिसायचा. दिवा दिसला की बोट वर करायचं. ही युक्ती मेहुण्याला दादानेच शिकवली होती, बहिणीच्या लग्नाच्या वर्षी, आहेर दिल्यासारखी.

या वेळी जागेसाठी हे दोघंच उरले होते. आधी दादा बसला. कानांवर हेडफोन चढवले, सवयीने कपाटाकडे पाहिलं. काचेवर मेहुण्याचा कोट लटकत होता. भिंतीला तीन खुंट्या रिकाम्या होत्या. मेहुणा बाकावर बसून नखं बघत होता.

दादाने अंदाजाने तीनदा बोट वर केलं.

"दादा," कंपाउंडर तोंडासमोर येऊन म्हणाला, "मी अजून बटण दाबलंच नाही."

नालायक! वीस वर्षं एका डब्यात जेवलेला माणूस! दादाच्या डोक्यात सणक गेली. मेहुणा उठला, काचेवरचा कोट काढून खुर्चीत बसला. दादा जाऊन कपाटाला पाठ लावून उभा राहिला. मेहुण्याचा चेहरा पांढरा पडला. बस म्हणावं बोंबलत.

मग दादाला भोंगा आठवला.

तो बाजूला झाला. जाता जाता बाहीने काच पुसूनही दिली. मेहुणा पास झाला, एकही बोट चुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा सामान बांधत असताना बहीण आली.

"ह्यांनी सगळं सांगितलं मला. कोटाचंही. रडले रे हे. तुझ्याइतकं मोठं मन नाही कुणाचं, दादा."

बोलता बोलता ती दचकली, त्यावरून बाहेर भोंगा वाजल्याचं दादाला कळलं.

"केवढा मोठा आहे हा! पण ह्यांना ऐकू येईल ना रे? तू नको म्हण, मी ह्यांना पाठवतच नाही."

दादाने तिच्या ओठांवरचा शब्दन् शब्द वाचला. ट्रंकेभोवती दोरीचा वेढा घातला.

"मला आला की ऐकू! मग झालं तर."

बहिणीचा जीव भांड्यात पडला. ती खाली बसली आणि त्याची गाठ पक्की बसावी म्हणून तिने दोरीवर बोट धरलं.