चार बोटांवरचे भय

मित्रांनो, या जगाचे सत्य माझ्याइतके जवळून आणि पापणीही न लववता कोणी पाहिलेले नाही. आता मला पापणीच नाही, हा भाग वेगळा. असती तर पहिल्याच दिवशी घट्ट मिटून घेतली असती.

मी एक जुनी मॅक्रो लेन्स आहे. मला कॅमेऱ्याला जोडले की मुंगीसुद्धा म्हशीएवढी दिसते. पण त्यासाठी मला मुंगीपासून चार बोटांवर न्यावे लागते. इतर लेन्स डोंगर पाहतात, लग्ने पाहतात. माझ्या वाट्याला गांधीलमाशीचे जबडे आले.

कारखान्यात सात काचा एका नळीत बसवून मला घडवले. एका बाईंनी उजेडापुढे धरून मला निर्दोष ठरवले आणि मी एका शिंपीकाकांच्या घरी आले. सुई ओवताना श्वास रोखायची काकांना सवय होती. फोटो काढतानाही ते तसाच रोखत. काकू शेजारी पांढरे अस्तर धरून उजेड वळवत.

"अहो, डंख मारेल ती गांधीलमाशी."

"हलू नकोस. बिथरेल ती."

"ती बिथरेल म्हणे. आणि मी?"

मी कोणाच्या बाजूची होते, हे सांगायला नकोच. एकदा एका कोळ्याने माझ्याकडे रोखून पाहिले. त्याला डोळे आठ, मला एक. नजर द्यावी तरी कोणत्या डोळ्याला? घरातल्या वस्तूही धीर देत नसत. सुईचे टोक जवळून पाहिले तर ओबडधोबड पहार. शिळ्या पावावर बुरशीचे पांढरे रान. "काय देखणं आहे," काका म्हणत. माझी पाचावर धारण बसलेली असे. फोटो मात्र स्थिर येई.

ते फोटो दुकानात लागले.

"हा राक्षस कोणता हो?" एका गिऱ्हाइकाने विचारले.

"डास आहे."

"छे, आमच्याकडचे एवढे नसतात."

पुढे काकू गेल्या, काकांचे हात कापू लागले. लेकीने माझ्यासाठी मखमलीची पिशवी शिवली, पिशवी चामड्याच्या पेटीत, पेटी कपाटात. "बाबा, अगदी जिवापाड जपून ठेवलीय," ती म्हणाली. तीन वर्षे मी तशीच दमट अंधारात होते.

एके दिवशी माझ्या चौथ्या काचेवर पांढरा धागा उगवला. मी लगेच ओळखला. पावावरचे तेच रान. आयुष्यभर ज्यांना भ्यायले ते सगळे समोर होते, निघून तरी जायचे. हे पोटात होते, आणि हाक मारायला मला तोंड नव्हते. धागा रोज केसभर पुढे सरके. त्याने काच खाल्ली की मी संपले.

एका सकाळी काका म्हणाले, "एकदा तिच्यातून बघू दे गं." लेकीने पेटी उघडली, मला उजेडापुढे धरले आणि तिचा चेहरा उतरला. तासाभरात आम्ही दुरुस्तीवाल्याच्या टेबलापाशी होतो.

"ताई, कशात ठेवली होती?"

"मखमलीत. कोणाला हातसुद्धा लावू दिला नाही मी."

"तेच चुकलं. हात लागला असता तर बरी राहिली असती."

"पण वाचेल ना? बाबांना काय सांगू मी?"

"उघडल्याशिवाय कसं कळणार? काच खाल्ली असेल तर पेपरवेट करा हिचा."

स्क्रू फिरू लागले. चौथी काच बाहेर निघाली. त्याने ती पुसली, उजेडापुढे धरली, पुन्हा पुसली.

"कडेला व्रण राहील," तो म्हणाला. "मधे साफ आहे."

लेकीने तिथूनच बाबांना फोन लावला.

आता मी कॅमेऱ्याला जोडलेली, खिडकीपाशी तिपाईवर असते. काका खुर्चीत बसून नुसते बटण दाबतात. मित्रांनो, आवडती वस्तू कोंडून जपू नका. तिला उजेड दाखवा, वारा लागू द्या, तिच्याकडून काम करून घ्या. सांगण्यासारखे आणखीही पुष्कळ होते. पण लेकीने आत्ताच बरणीत एक झुरळ पकडून आणले आहे आणि काका तिला बरणी उघडायला सांगत आहेत.

माझी एकच विनंती आहे. झाकण राहू द्या.