सीताकाकूची मिरची

वडगावात येऊन कुणालाबी इचारा, सबिनाचा, म्हंजे माझा, चटणीचा डंक कुठं हाय. त्या डंकावर मिरची कुटून माझं घर चालतंय, आनि शेजारच्या सीताकाकूनं त्योच बंद पाडायला कोर्टात केस घातली. म्हनं, आवाज लई, ठसका लई. आता बोला! लगीन होऊन आलो तवापास्नं डंक वाजतोय, आनि म्हातारीला आत्ता ऐकू याया लागला!

कोर्टानं आमाला कोल्हापुरात मध्यस्थाकडं धाडलं. राजवर्धन म्हनून साहेब. बसल्या बसल्या सांगितलं, "मी निकाल देणार नाही. मी ना यांचा, ना त्यांचा. मार्ग तुम्हीच काढायचा." मी कपाळाला हात लावला. निकाल देत न्हाय तर ह्यो मानूस बसलाय कशाला?

आमी दोगी कचाकचा भांडलो. त्येंनी भांडू दिलं. मग काकूला सावकाश इचारलं, "डंक बंद झाल्यावर तुमची चटणी कुठं कुटणार?"

काकू एकदम भडकली. "आता तरी कुठं कुटून मिळतीया? हिची सासू हंगामाला उखळ धुऊन पयलं कांडप आमा जैनांचं करायची. लसूण त्येच्यानंतर. 'सीताबाई, या' म्हनून निरोप धाडायची. ही मालकीण झाली आनि पयल्या दिवसापास्नं लसूण! शेजारी डंक असून माझी मिरची हातकणंगल्याला धाडाय लागती!"

"मग ह्ये तोंडानं सांगायचं की वो!" मी वरडलो.

"तू कवा इचारलंस?"

मला राग बी आला, आनि वाईट बी वाटलं. साहेब म्हनले, "मग आता काय करता येईल?" आनि आमच्याकडं बघत बसले.

"एक उखळ निराळं घालतो," मी म्हनलो. "त्यात कांदा-लसूण कदीच न्हाय. आनि हंगामाची पयली मिरची काकूची."

"दुपारी माझ्या झोपंच्या टायमाला डंक बंद," काकू म्हनली.

"बंद!"

केस मागं घेतली. जिंकलो की वो मी! आनि मजा म्हंजे काकूबी जिंकली.

हंगाम आला, तशी काकू मिरचीची पाटी घेऊन सगळ्यांच्या आदी हजर. मागं गल्लीतल्या साऱ्या जैन बायका. डंक दणादणा सुरू झाला, आनि रस्त्यावरनं जाणारा एक गाडीवाला खोकत थांबला. "काय हा ठसका! बंद करा हे!"

मी तोंड उघडायच्या आत काकू पदर खोचून दारात.

"ओ पावणं, तरास हुतोय तर नाकाला रुमाल बांदा! आमचा डंक हाय ह्यो. बंद हुनार न्हाय!"