बुधवारी जुहूला

“अजून एक प्लेट पाणीपुरी घेशील?” बाळाने विचारलं, आणि रत्नप्रभाचा संशय पक्का झाला.

कामाचा दिवस, बुधवारची दुपार, आणि हा माणूस तिला मुलुंडहून रिक्षाने जुहूला घेऊन आला होता. तिचा नवरा बाळा घाडीगावकर सोसायट्यांच्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि घरातली प्रत्येक गोष्ट पुढे ढकलायचा. समुद्रावर जायचंय? नंतर. मालवणला माहेरी जायचंय? रिटायर झाल्यावर. स्वयंपाकघरात नव्या लाद्या? बघू. तोच माणूस गेल्या आठवड्यात लाद्या बसवून मोकळा झाला होता.

“काय चाललंय तुमचं, खरं सांगा,” ती म्हणाली.

“काय चालायचं? मनात आलं, आलो.”

“इतक्या वर्षांत नाही आलं ते.”

तो लाटांकडे बघत राहिला. “रवलेला करून घेवया गो,” हळूच म्हणाला. एरवी तो मालवणीत फक्त देवाला गाऱ्हाणं घालताना बोलायचा. राहिलेलं करून घ्यायची ही घाई कसली, असं तिला वाटलं.

घरी आल्यावर तिने बोरिवलीच्या जावेला, सुलक्षणाला फोन लावला.

“बाईबिईची भानगड नसणार,” सुलक्षणा म्हणाली. “ती असती तर तुला कशाला नेलं असतं जुहूला? तब्येतीचं बघ. भाऊजी आतल्या गाठीचे. दुखलं-खुपलं सांगायचे नाहीत.”

हे रत्नप्रभाला पटलं. मग तिने त्याच्यावर नजर ठेवली. तो ताटात भात तसाच टाकून उठत होता. टीव्हीसमोर बसून भलतीकडेच बघत होता. तिने पाहिलं की नजर वळवत होता.

“तुम्हाला बरं आहे ना?”

“ठणठणीत. तुझं काय?”

“मला काय धाड भरलीय?”

हा प्रश्न तो हल्ली रोज तिच्यावर उलटवायचा. विषय टाळायची युक्ती, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

शनिवारी तो कामावर गेल्यावर ती गल्लीतल्या डॉक्टर वसुधा करंदीकरांकडे गेली. भांडायच्या तयारीनेच गेली होती. “आमच्या ह्यांना काय झालंय ते मला कळलंच पाहिजे. आता लपवू नका.”

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. “त्यांना काही झालेलं नाही.”

“मग ते असे का वागतायत?”

“रत्नप्रभाताई, त्यांनी तुम्हाला अजून सांगितलंच नाही का?”

मध्यंतरी तिच्या पोटात सारखं दुखायचं. तपासण्या झाल्या. रिपोर्ट आणायला बाळा एकटाच गेला आणि पित्त आहे म्हणून सांगत आला. गोळ्यांनी दुखणं दबलं, तिनेही विषय सोडला. इतक्या दिवसांत तिने नवऱ्यावर संशय घेतला, डॉक्टरांवर घेतला. स्वतःच्या पोटावर तेवढा घेतला नव्हता.

“गाठ आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “उपचार आहेत, पण उशीर नको. मी त्यांना म्हटलं होतं, लगेच घेऊन या. ते म्हणाले, थोडे दिवस द्या, तिला जरा हिंडवून आणतो.”

रत्नप्रभा घरी आली आणि नव्या लाद्यांवर फतकल मारून बसली. आधी रडू आलं, मग राग आला. एवढ्या सगळ्या गोष्टी त्याने झटपट उरकल्या, आणि नेमकी हीच नंतरवर टाकली.

संध्याकाळी बाळा दारात चपला काढत होता, तेव्हा ती म्हणाली, “सोमवारी रजा टाका. हॉस्पिटलात जायचंय.”

तो वाकलेला तसाच राहिला. “डॉक्टरनी सांगितलं?”

“तुम्ही कधी सांगणार होतात?”

“रोज सांगणार होतो. जमला नाय गो.” तो भिंतीला टेकून खाली बसला आणि ओंजळीत तोंड लपवलं. ती जवळ जाऊन उभी राहिली. त्याच्या डोक्यावर हात ठेवावा असं तिला वाटलं, आणि तिने ठेवला.

मग त्याने विचारलं, “आता दुखतंय?”

“नाही. बरी आहे मी.”

त्याने मान वर केली. ती खरं बोलतेय का, हे तो तिच्या चेहऱ्यावर शोधत राहिला. तिने ते ओळखलं आणि ओट्याकडे वळली. डब्यातून मूग काढले, निवडले, धुतले, पातेल्यात पाणी घालून भिजत टाकले.

“हे कशाला आता?” बाळाने विचारलं.

“मोड यायला परवा उजाडेल. हॉस्पिटलातून आलो की उसळ करू.”

बाळा उठला, हात धुतले, आणि पातेल्यावर ताटली झाकून तिच्याशेजारी उभा राहिला.