क्रेनवाल्याचे मार्क

“जास्त मार्क पडले तर चांगलं, की कमी?” क्रेनवाल्याने विचारलं.

“परीक्षा आहे का ही, काका?” नर्स हसली. “प्रोस्टेट वाढलीय तुमची. तिचा रोज किती त्रास होतो, तेवढं मोजायचंय. मग डॉक्टर ठरवतील, गोळ्या की ऑपरेशन.”

ऑपरेशन म्हटल्यावर गड्याने मनाशी ठरवूनच टाकलं, कमी सांगायचं. धार बारीक येते? छे. जाऊन आलं की लगेच पुन्हा जावंसं वाटतं? कधीतरी. लागली की दम धरवत नाही? प्रश्नच नाही! शेजारी बायको बसलेली. तिच्यासमोर असलं बोलायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं.

आणि दम धरण्याचं उत्तर तर खरंही होतं, हीच पंचाईत. ती वेळ तो येऊच देत नव्हता. कामावर पाण्याचा थेंब घेत नसे. लेकीकडे जायचा विषय निघाला की प्रवास झेपत नाही म्हणे. क्रेनच्या केबिनमधून शिडीने उतरता उतरता एकदा पँट भिजली, तेव्हा गुडघ्यांचं निमित्त काढून त्याने खाली स्टोअरमध्ये बदली मागून घेतली. मग याला त्रास आहे म्हणायचं की नाही? त्याचं डोकंच चालेना.

“मार्क अगदी कमी आहेत,” नर्स म्हणाली. “आता शेवटचं. उरलेलं आयुष्य आज आहे तसंच काढायचं म्हटलं, तर कसं वाटेल?”

“आज आहे तसंच?”

“हो, अगदी अस्संच.”

त्याला स्टोअरचं काउंटर दिसलं. वर त्याच्या केबिनमध्ये दुसराच कुणी, आणि खाली नटबोल्ट देत बसलेला तो. नर्स एकेक पर्याय वाचत होती, आनंद, समाधान, दुःख. त्याला काहीच धड ऐकू येईना.

“गुडघे चांगले आहेत माझे,” तो एकदम म्हणाला.

“गुडघ्यांचं कुठे विचारलं मी?” नर्स गोंधळली.

बायको मात्र त्याच्याकडे बघतच राहिली. “मग वर्षभर मी रोज तेल लावून चोळतेय, ते काय?”

“क्रेनवर पँट भिजली होती गं माझी. सांगणार कसं?”

बायकोला त्याची दया आली आणि रागही आला. मग ती उठली. “सिस्टर, पहिल्यापासून विचारा यांना. मी बाहेर बसते.”

“बस गं इथेच,” तो म्हणाला. मग नर्सकडे वळला. “धार बारीक येते, सिस्टर. फार बारीक येते.”