रिकाम्या खुर्चीतलं वजन

मित्रांनो, मी एक जुनी वेताची खुर्ची आहे. जवळ या, पण लगेच बसू नका. आधी ऐका.

सुताराने माझे पाय घडवले आणि त्याच्या बहिणीने माझी बैठक विणली. तेव्हा बोटाने टिचकी मारली तरी मी टणकन वाजायची. थोरल्या घड्याळजींनी मला दुकानात आणलं. खाली दुकान, वर घर. त्या काळी सगळी घड्याळं चावीची. थोरले रोज उठून वरच्या खोल्यांपर्यंत एकेका घड्याळाला चावी देत फिरायचे. परत येऊन टेकले, की त्यांच्या पोटातली गुरगुर मला वेतातून ऐकू यायची. जेवण पुढे सरकत असल्याचा तो आवाज. मला तो फार आवडायचा.

पुढे सेलवरची घड्याळं आली. उठायला कारणच उरलं नाही. थोरले सकाळी बसायचे ते दिवेलागणीपर्यंत. माझ्या बैठकीत त्यांच्या आकाराचा खड्डा पडला आणि पोटातला आवाज मंदावत गेला. संडासातून ते घामाघूम होऊन तसेच परतायचे. घरातले चेष्टेने विचारायचे, "लागला का निकाल?" तेही हसायचे. सगळं हसण्यावारी गेलं. एका दुपारी त्यांचं पोट दगडासारखं टणक झालं. आतडं अडलं होतं. दवाखान्यातून ते परत आले नाहीत.

मग त्यांचे चिरंजीव, धाकटे घड्याळजी, माझ्यावर बसू लागले, बरोबर त्याच खड्ड्यात. डोळ्याला तेच भिंग, पाठीला तोच बाक. आणि काही वर्षांनी संडासातून तसंच घामाघूम परतणं, पोटात तीच शांतता. बंद घराच्या दाराला कान लावावा तशी.

मला बोलता येत नाही, फक्त करकरता येतं. एका दुपारी धाकटे हात धुवायला उठले आणि माझी बैठक आपोआप खाली दबली. सवयीने कुणी बसावं तशी. मी करकरले. सूनबाई दारातच होत्या. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. नवरा परत आला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "अहो, तिथं नका बसू. मामंजी बसलेत."

"मग मी काय त्यांच्या मांडीवर बसू?"

"लहानपणी बसलात तेवढं पुरे."

त्याच दिवशी त्यांनी नवऱ्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पोट तपासलं, पाणी आणि भाजी वाढवायला सांगितलं, आणि बजावलं की पाय हलले तर आतडी हलतील. घरी येताच सूनबाईंनी माळ्यावरची चावीची घड्याळं काढून खोल्याखोल्यांत टांगली. शेवटचं थेट गच्चीच्या जिन्यात.

सुरुवातीला धाकटे पायरीपायरीला कुरकुरले. मग एका संध्याकाळी चावी देऊन ते येऊन बसले आणि आतून बारीकशी गुरगुर आली. माझ्या वेतावर शहारा उठला.

आता माझा वेत उसवलाय. मला कोपऱ्यात सारलंय. तक्रार नाही. पण धाकटे चावी द्यायला वर गेले, जिन्यात त्यांची पावलं वाजू लागली, की माझा खड्डा हळूहळू खाली जातो. ओळखीचं वजन आहे ते. मी कान देऊन ऐकते. पोटात काहीच वाजत नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो. तुमच्या घरी कुणी मोठं माणूस बसल्या जागी रुतत चाललं असेल, तर हाताला धरून त्याला उठवा. त्याला म्हणावं, ही जागा रिकामी नाही.